नारळ उभा राहिला ती खोली

आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाला बोअरची गाडी येऊन उभी राहिली. तिचं घर्र घर्र सुरू झालं की फळीवरची भांडी नाचायला लागतात. पांढरा फुफाटा उडतो, वाळत घातलेली लुगडी पिठात लोळल्यावाणी दिसतात, अन् सगळी गल्ली काम सोडून जमिनीतल्या एका भोकाकडं बघत बसती. होळी झाली की निलंग्यात हे दरसाल हाय. नळ आठ-आठ दिवस येत न्हाई, निळे डरम पाहुण्यावाणी दारात येऊन बसतात, अन् लोकाला माझी आठवण होती. बाकी आठ महिने मला कुत्रं इचारत न्हाई.

मी पाणाड्या हाय. म्हंजी जमिनीखालचं पाणी बघून सांगणारा. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. दुसरीच्या दारापर्यंत म्हणा, आत गेल्याचं मास्तरलाबी आठवत न्हाई. पर हे एक काम मला येतं. तळहातावर नारळ आडवा ठिवायचा, शेंडी बोटाकडं करायची, चपला काढायच्या अन् रानात हिंडायचं. जिथं खाली पाणी, तिथं नारळ आपोआप उभा राहतो. तिथं बोअर मारायचं. आपोआप म्हंजी कसा, ते पुढं सांगतो, आत्ताच सांगितलं तर तुमी उठून जाल.

माझा नारळ चुकत न्हाई असं न्हाई. चुकतो, अन् लई खोलवर चुकतो. माझ्या स्वतःच्या दारातलं बोअर कोरडं हाय. जागा मीच दावलेली. आता त्याच्या तोंडावर आमच्या मंडळीनं तुळशीची कुंडी ठिवलीय. येणारा-जाणारा म्हणतो, बाई लई देवाधर्माची. देवाधर्माची कुठली, नवऱ्याची अब्रू झाकायली. पाणी लागल्याबिगर मी कुणाचा रुपया घेत न्हाई, म्हणून अजून जिता हाय.

तर ती गाडी घरघरायला लागली की माझ्या नाकात फुफाटा जातो अन् कानात समुद्र येतो. निलंग्याच्या माणसाच्या कानात समुद्र कुठला, असं वाटंल तुम्हाला. मलाबी अजून वाटतं.

दोन वर्साखाली ह्याच दिवसात आमच्या संगीताचा फोन आला. संगीता म्हंजी आमची एकुलती लेक, हैदराबादला नर्स हाय. म्हणली, "बाबा, तुमी अन् आई अंदमानला जाऊन या. इमानाचं तिकीट काढलंय."

माझ्या हातातला फोन डरमात पडता पडता राहिला. अंदमान म्हणलं की मला एकच ठाऊक, काळं पाणी. म्हणलं, "माय, म्या असं काय केलं गं?"

"आवो, फिरायला! लोक जोडीनं जातात तिथं. राहायची खोली तेवढी तुमी दोघं बसून ठरवा, मी फोटो पाठवते."

समोरच्या दुकानात गफूरभाई मोटारीला वायंडिंग करायला बसले होते. गल्लीतल्या सगळ्या बोअरच्या मोटारी तेच भरतात, म्हणून मी जागा दावतो अन् ते मोटार, अशी आमची जोडी. त्यांनी मान वर न करता इचारलं, "क्या मारोतीभाऊ, किसका बोअर सुखा गया? सीधा काळे पाणी की सजा?" सगळी गल्ली हसली. मग चष्मा वर सारून म्हणले, "पर एक बात है. उधर चारो तरफ पाणी. तुमारा धंदा उधर एक दिन नहीं चलने का."

फोटो आले. तीन जागांचे. एक खोपट होतं बांबूचं, दारापुढं रेती अन् रेतीपुढं नुसता समुद्र. दुसरी पक्की इमारत, दोन मजली, बाजाराच्या मागं. तिसरी जागा डोंगरावर झाडीत होती. ती मी लगेच काढून टाकली, झाडीत राहायचं तर अंदमान कशाला, हिमायतनगरच्या रानाकडं साडू हाय माझा. पहिल्या दोन फोटोत जोडपी होती. बाई हसायली, गडी हसायला, अन् दोघांच्या अंगावर मिळून एका माणसाचे कपडे. मी फोन उलटा करून ठिवला. आमच्या मंडळीनं, शेवंतानं, तो सरळ केला, पदर तोंडाला लावला अन् आणखी बारीक नजरेनं बघितलं.

सात-आठ दिवस आमच्या घरात तीच मसलत. आता मला सांगा, खोली निवडायची म्हणल्यावर माणूस काय बघंल? पुण्याचा माणूस गादी बघत असंल. मुंबईचा खिडकी. मी दोन्ही जागी फोन लावला अन् एकच गोष्ट इचारली, "नळ कितने दिन को आता?"

इमारतीवाला पोरगा म्हणला, "अंकल, चौबीस घंटा पानी है."

चोवीस तास पाणी हाय म्हणणारा माणूस माझ्या हिशोबानं एक तर लबाड, न्हाई तर पुढारी. पर त्यानं पुरावा म्हणून गच्चीचा फोटो धाडला. गच्चीवर दोन टाक्या. काळ्या, अंगानं भरलेल्या, म्हशीवाणी एकीला एक खेटून बसलेल्या. काय सांगू, पोटात थंड वाटलं. खोपटवाल्या बाईनं फोनवर खरंच सांगून टाकलं, "पानी कुएँ का है, बाल्टी से लेना पडेगा." मग संपलंच की.

मी म्हणलं, "ठरलं. टाक्याची खोली."

शेवंता मेथी निवडत बसली होती. ताटातली नजर न काढता म्हणली, "मला समुद्राकडली पायजे."

मी हादरलो. तिनं मागितलं त्यानं न्हाई, त्या शब्दानं. लग्नाला एकतीस वर्सं झाली, ह्या बाईच्या तोंडून 'मला पायजे' मी ऐकलेलं न्हाई. बस्त्याला लुगडं निवडताना न्हाई, बाळंतपणात डोहाळे इचारले तवा न्हाई. कायबी इचारा, "तुमी म्हणाल ते." आता एकदम असं म्हणल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? हातातलं ठिवावं अन् इचारावं, का गं? मी काय केलं? मी इनोद केला. म्हणलं, "खारं पाणी बघून काय करतीस? न प्यायला, न वरणाला. बघायचंच असंल तर डरमात मीठ टाकतो."

गफूरभाई असते तर हसले असते. शेवंतानं मेथीची एक काडी मोडली अन् म्हणली, "बरं."

अन् मी संगीताला टाक्याची खोली कळवून मोकळा झालो.

आमच्याकडचं 'बरं' कुणी मोजत न्हाई. पाण्याचं बोअर मोजतात, इतकं फूट खोल. बायकांच्या 'बरं'ला किती फूट हाय, खाली वलावा हाय का नुसता खडक, कुणी नारळ फिरवून बघितला न्हाई. मी तर पाणाड्या होतो. घरातल्या घरात एकतीस वर्सं त्यावरून चपला घालून हिंडलो.

पुढचे दिवस मी तिच्याकडं चोरून बघायचो. रोज तेच करायली होती. तुमच्याकडं नळ रोज येत असंल तर तुम्हाला कळायचं न्हाई, पर नळाला पाण्याच्या आधी हवा येती. खर्रर्र, असा घसा साफ केल्यावाणी आवाज. तो आवाज शेवंताला घोरतानाबी ऐकू येतो. चुलीवर दूध असू द्या, दारात पाहुणा असू द्या, ती उठणारच. घागर, कळशी, डरम, पातेली, शेवटी वाट्या. त्यातलं मी घागरभरबी कवा उचललं न्हाई. मला कंबर हाय ना. कंबर तिलाबी असंल, हे मला त्या दिवसात पहिल्यांदा सुचलं, अन् सुचून मी काय केलं? चहा पेलो.

असं करत इमानात बसलो. इमानाचं राहू द्या, तिथं मी पट्टा बांधताना शेजारच्या बाईचा पट्टा ओढला, तेवढं सांगून सोडतो. मग होडी. अन् मग ते बेट.

मला कुणी सांगितलं न्हाई वो, पाण्याचा रंग असा असतो. आमच्याकडं निळं म्हंजी डरम. हे पाणी काठाला पांढरं, जरा पुढं मोराच्या मानंवाणी, त्याच्या पुढं नुसतं आभाळ वतल्यावाणी. एवढं पाणी अन् त्याच्याजवळ कुणी भांडं घेऊन उभं न्हाई! रांग न्हाई, भांडण न्हाई, टँकर न्हाई. अन् वाटंवर बघतो तर नारळ. रस्त्यावर पडलेले, गाडीच्या चाकाखाली आलेले, एक तर कुत्रं चघळायलं. आमच्याकडं देवाला फोडायचा नारळबी लोक बारका बघून घेतात. माझा सगळा धंदा त्या रस्त्यावर लोळत पडला होता. गफूरभाई खरं बोलले होते.

टाक्याची खोली मिळाली. चकाचक. खिडकी उघडली तर समोर त्याच इमारतीच्या दुसऱ्या अंगाची गच्ची अन् फोटोतल्या त्या दोन टाक्या. जोडीनं. मी न्हाणीतला नळ सोडला. हवा न्हाई, खर्रर्र न्हाई, सरळ पाणी! मी ओरडलो, "शेवंता, बघ तर!" ती आली. धारंखाली हात धरला. मग नळ बंद केला, अन् म्हणली, "बरं हाय." अन् पलंगाच्या काठावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली. एस्टी स्टँडावर बसतात तशी.

दुपारी जरा डोळा लागला. त्या दोन म्हशीतली एक भरून वाहायला लागली, अन् गच्चीवरून पाणी धो धो खाली पडायला लागलं. मी जागा झालो तर शेवंता पलंगावर न्हाई. न्हाणीत भांडी वाजायली. जाऊन बघतो तर बादली भरलेली, पलास्टिकचा मग भरलेला, साबणाची डबी भरलेली, अन् कचऱ्याचा डबा नळाखाली लावलेला. पदर खोचलेला, केस सुटलेले, डोळे अर्धे झोपेत. माझा आवाज ऐकून ती थांबली. भिंतीकडं बघितलं, फरशीकडं बघितलं. कुठं हाय ते तिच्या ध्यानात आलं.

मी हसलो. सवय ती सवय.

ती हसली न्हाई. कचऱ्याचा डबा खाली ठिवला, अन् हळूच म्हणली, "आवो, इथंबी मला पाणीच भरायला आणलं का तुमी?"

मी लोकांची जमीन ऐकतो म्हणून मिरवणारा माणूस. त्या वाक्यावर मी नुसता नळ बंद केला. इनोद केला न्हाई.

तिनं केस बांधले अन् चालायला लागली. खाली, रस्त्यावर, समुद्राच्या अंगानं. मी मागं मागं. आमच्यात बाई मागं चालती, गडी पुढं. तिथं उलटं झालं होतं अन् कुणी बघतबी न्हवतं. चालता चालता फोटोतलं बांबूचं खोपट आलं. त्याच्या म्होरं एक बाई टेबल टाकून नारळपाणी इकायली होती, आमच्याच वयाची. बाजूला सोललेल्या शेंडीच्या नारळांचा ढीग. ती बाई पोराला कायतरी ओरडली, अन् शेवंता जागच्या जागी थांबली. मग तिनं तोंड उघडलं, अन् त्यातून तेलुगू आलं.

भडाभडा आलं. बोअरला पाणी लागल्यावाणी. शेवंताचं माहेर देगलूर, तिकडं अर्धी बोली तेलुगूच, तिची आई तिच्याशी तेलुगूच बोलायची, हे मला ठाऊक होतं. म्हंजी एकतीस वर्साखाली ठाऊक होतं. आमच्या घरात ती भाषा कुणाला कळत न्हवती, म्हणून ती बोलली न्हाई, अन् मी समजलो की इसरली. त्या बाईचे आईबाप आंध्रातून त्या बेटावर आलेले. दोघी अशा बोलायल्या जणू एका मांडवात हळद लागली. मधेच 'नीळ्ळु' म्हणल्या, पाण्याला तिकडं तसंच म्हणतात, अन् दोघींनी मिळून माझ्याकडं बघितलं. अन् हसल्या. मी कशाला हसलो ते मला ठाऊक न्हाई, पर मीबी हसलो.

फोनवर बोललेली मालकीण हीच. तिच्याकडं दोन खोपटं रिकामी होती. एक मागं, इहिरीजवळ. एक पुढं, समुद्राच्या तोंडाशी.

आता तरी मी गप बसावं का न्हाई? न्हाई बसलो. कुत्र्याचं शेपूट ते. म्हणलं, इहिरीजवळचं बरं, बादली आणायला सोपं. शेवंता पुढच्या खोपटाकडंच बघायली होती, म्हणून मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. ढिगातला एक नारळ उचलला, चपला काढल्या, तळहातावर आडवा ठिवला, अन् डोळे मिटून चालायला लागलो. मागच्या खोपटाच्या दारात आलो, अन् नारळ टुणकन उभा राहिला. ती मालकीणबाई "अय्यो" म्हणली. मी छाती फुगवली. "बघ, नारळच सांगायला."

"द्या हिकडं," शेवंता म्हणली.

नारळ घेतला. चपला काढल्या. पदर खोचला. तळहातावर आडवा ठिवला, शेंडी बोटाकडं. डोळे अर्धे मिटले, व्हट हलवले, मी हलवतो तसेच. अन् चालायला लागली. इहिरीजवळून गेली, नारळ हलला न्हाई. माडाच्या सावलीतून गेली, हलला न्हाई. रेतीत पाय रुतवत पुढच्या खोपटाच्या उंबऱ्याशी आली. समुद्राचा फेस तिच्या पायापासून चार हातावर येऊन परत जायला होता. तिथं ती थांबली.

नारळ उभा राहिला.

"हितं लागलं," ती म्हणली.

आमच्या धंद्याचा एक कायदा हाय. नारळ उभा राहिला की वाद न्हाई. शेताच्या धुऱ्यावरून, म्हंजी बांधावरून, डोकी फोडणारे भाऊबंदबी नारळापुढं गप होतात. मी तिच्याजवळ गेलो अन् वाकून बघितलं. तिचा उजवा अंगठा नारळाच्या बुडाखाली होता. जिथं माझा असतो तिथंच. तेवढाच. वरून न दिसणारा.

माझ्या पायाखालची रेती सरकली. लाटंनं न्हाई.

म्हणलं, "तुला... कवापासून ठाऊक?"

"आपल्या दारातलं बोअर मारलं तवापासून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

एवढंच. भांडण न्हाई, टोमणा न्हाई. नारळ माझ्या हातात दिला अन् आत जाऊन खोपटाचं दार उघडून बसली. कधी कधी नारळ खरंच हलतो वो, तुमी इश्वास ठिवा न ठिवा. हलला की मी त्याला जरा हात देतो, अन् न हलला तर जरा जास्त देतो. माझ्या बापानं असंच शिकवलं. जगात हे मला एकट्याला ठाऊक हाय, ह्या भरवशावर मी मान वर करून हिंडलो. अन् जिच्या हातची भाकरी खाऊन मी रोज त्या कामाला निघायचो, तिनं ती भाकरी सगळं ठाऊक असून बांधलेली.

बॅगा मी आणल्या. इहिरीचं पाणी मी आणलं. त्या दोन दिवसात एकूण एक बादली मी आणली. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, पर बोललो न्हाई. शेवंतानं काय केलं? कायच न्हाई. उंबऱ्यात बसली अन् समुद्र बघितला. मी इचारलं, "काय बघायलीस एवढं?" खरं इचारलं, इनोद न्हाई. ती म्हणली, "भरून ठिवायचं न्हाई असं पाणी मी बघितलंच न्हवतं."

त्या दिवशी दुपारी ती दारातच आडवी झाली. समुद्र दणादणा आदळायला होता. हजार नळ एकदम आल्यावाणी आवाज, अन् मी बसलो होतो भेव घेऊन, आता उठंल, आता कचऱ्याचा डबा शोधंल. ती उठली न्हाई. त्या आवाजात गाढ झोपली. तिचा कान झोपलेला मी पहिल्यांदा बघितला. मी हातातला नारळ खाली ठिवला, आवाज होऊ न देता.

तर आज ही गाडी. तीन घरं सोडून, गल्लीच्या तोंडालाच, सुभाषच्या दारात बोअर घ्यायचं ठरलंय. त्याची आई बोलवायला आली, "मारोतीभाऊ, चला की नारळ घेऊन." मी टोपी घातली. आतून शेवंता म्हणली, "जा. पर अंगठा घरी ठिवून जा."

ठिवून गेलो. नारळ सपाट तळहातावर घेतला अन् सुभाषच्या अंगणात तीन चकरा मारल्या. नारळ म्हसरावाणी पडून राहिला. गफूरभाई दारात उभे होते, सगळी गल्ली उभी होती. मी म्हणलं, "बाबानो, मला समजंना. खरंच समजंना." मग गाडीवाला म्हणला, "जिथं गाडी उभी हाय तिथंच मारू का? मागं घ्यायला जागा न्हाई." तिथंच मारलं.

अन् तुम्हाला सांगतो, लागलं. दुपारी एकच आवाज झाला, गाडीच्या वर पाण्याचा फवारा गेला, पोरं चिखलात नाचायला लागली. एकतीस अन् दोन तेहतीस वर्सांत गल्लीत असं पाणी लागलं न्हवतं, अन् लागलं ते माझ्या नारळाबिगर. गफूरभाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणले, "मारोतीभाऊ, आजसे गाडीच फिरवो हातावर!"

मी घराकडं पळालो. शेवंता दारात, तुळशीच्या कुंडीपाशी उभी होती. घागरी पालथ्याच. डोळे मिटलेले, कान त्या फवाऱ्याच्या आवाजाकडं.

"घागर घेऊन जाऊ का मी?" मी इचारलं.

"थांबा की जरा," ती म्हणली. "ऐकू द्या."